एसेतमायच्या पोटातली लीद

“शी! शी! हे देवीच्या पोटात?”

इरेथोरू पुजाऱ्याने वस्त्राचं टोक नाकाला लावलं आणि तो दोन पावलं मागे सरला. समोर जेहो ओतारी गाढवाची लीद आणि चिकणमाती तुडवत होता. पोटऱ्यांपर्यंत माखलेला, भोवती माश्या. या मिश्रणाचा गाभा करायचा, त्यावर मेणाची मूर्ती घडवायची, वर मातीचा साचा चढवायचा. मग मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी कासं ओतायचं. गाभा मूर्तीच्या पोटात तसाच राहतो. नाईलकाठच्या या मेंफिसमधल्या प्रत्येक पोकळ देवाच्या पोटात तो आहे. पुजाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि तेही भट्टीकडे कधी फिरकत नाहीत.

हा फिरकला, कारण मूर्ती त्याच्या स्वतःच्या पोरासाठी होती. सात महिन्यांचं पोर, आणि हगवण थांबायचं नाव घेत नव्हती. बाळाला मांडीवर पाजणारी देवी, एसेतमाय, देवळाच्या दाराशी ठेवली की पोर वाचेल, एवढी एकच आशा उरली होती.

“लीद जळते, महाराज. मातीत बारीक भोकं पडतात, त्यातनं वाफ जाते. नाहीतर साचा फुटतो.”

“नदीची माती घे. गाळून घे. घाण नको म्हणजे नको!”

भुवयासुद्धा भादरलेला तो गुळगुळीत चेहरा असा वाकडा झाला होता, की जेहोला लिदीपेक्षा त्याचीच किळस आली. पण देवळाच्या माणसाला नाही कोण म्हणणार?

गाळलेल्या मातीचा पहिला साचा फुटला. दुसरा फुटला तेव्हा तापलेलं कासं उडालं आणि जेहोचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मेणात कोरलेली देवीच्या पंखांची पिसं, गळ्यातला हार, सगळं मातीत गेलं. तिसऱ्या वेळी त्याने कोणालाही विचारलं नाही. लीद घेतली, मळली, भरली.

मूर्ती अशी उतरली की पाहत राहावं. डाव्या हाताने, चुकतमाकत, त्याने हाराच्या खाचेत सोन्याची तार ठोकून बसवली. डोळ्यांत सोन्याचा पत्रा भरला.

दुसऱ्या दिवशी इरेथोरू आला. मागून बायको, मुतिरदिस, पोराला कडेवर घेऊन. पोराच्या पायांच्या काड्या लोंबत होत्या. आंबूस वास येत होता, म्हणून नवरा चार हात लांब चालत होता. जेहोने ते पाहिलं आणि त्याला थुंकावंसं वाटलं.

मूर्ती पाहून मात्र पुजाऱ्याचे डोळे भरले. त्याने देवीच्या पायांवर कपाळ टेकलं. मग विचारलं, “गाळलेलीच माती ना रे?”

हो म्हटलं असतं तर कोण फोडून बघणार होतं? पण जेहोचा हात ठणकत होता.

“लीद आहे, महाराज. पोटभर.”

इरेथोरू चटका बसल्यासारखा उठला आणि कपाळ खसाखसा पुसू लागला. “बाटवलीस! फोड ती! आत्ताच्या आत्ता फोड!”

“खबरदार कोणी हात लावाल तर!” मुतिरदिस मध्ये येऊन उभी राहिली. “अहो, पोर मांडीवर घेतलेली बाई आहे ती. तिच्या अंगाला घाण नाही, तर काय अत्तर लागणार? पंधरा दिवस मी याची फडकी पिळते आहे. तुम्ही एकदा तरी हातात घेतलंत याला?”

“माझा सेवेचा महिना चालू आहे. बाटलो तर देवळात पाऊल टाकता येणार नाही.” हे तो जेहोला म्हणाला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही.

तेवढ्यात पोराला पुन्हा झाली. पिवळं पाणी फडक्यातून टपटप जमिनीवर पडलं. पोर रडलंसुद्धा नाही. त्याची मान नुसती एका बाजूला कलली.

इरेथोरूचं नाक आक्रसलं. मग तो चार हात पुढे आला, आणि त्याने पोराला बायकोच्या कडेवरून काढून छातीशी घेतलं. पांढऱ्या वस्त्रावर पिवळा डाग पसरत गेला.

“मूर्ती तू ठेवून ये,” तो तिला म्हणाला. “मी याला धुतो.”