बेवारस झाड

"उपटायच्या आधी तिचं नाव घ्या, हवालदारसाहेब," अप्पा म्हणाले.

झुंबर हवालदारांनी पुढं केलेला हात मागं घेतला. गोठ्यामागं, तुरीच्या दोन ओळींमधे, गांजाचं एकच झाड पुरुषभर उंच उभं होतं. सणसर गावची टळटळीत दुपार, वारा पूर्ण पडलेला. भोवतीचा ऊस हलत नव्हता. झाड तेवढं हलत होतं.

"कुणाचं नाव?"

"आमच्या मालकिनीचं. छबूबाईचं." अप्पांनी घराकडं बोट केलं. "हाडात दुखनं हाय तिच्या. पुन्याचा डाक्टर म्हनला, घरी न्या. याचा पाला दुधात उकळून देतो, तवा कुठं तिचं वरडनं थांबतं. पन तोडताना झाडाला सांगावं लागतं, कुनाचं दुखनं न्यायचं त्ये. न सांगता तोडलं तर दुखनं दुप्पट हून आपल्या मालकाकडं माघारी येतं."

"कायद्यात तसं काही नाही," हवालदार म्हणाले.

पंच म्हणून रतन आणि सर्जेराव होते. रतनला दुकानातून उठवून आणलं होतं. सर्जेरावांना आणावं लागत नसे. पंचनामा निघाला की धुतलेली टोपी घालून ते आधीच हजर असत.

"घ्या की नाव, झुंबरराव," ते म्हणाले. "नाव घ्यायला काय पैसं पडत्यात व्हय?"

"पैसे नाही, पाच वर्षं पडतात. नाव घेतलं की कागदावर आलं, कागदावर आलं की बाई आरोपी. बाजेसकट नेऊ का तिला कोर्टात?"

"मग माजं घाला," अप्पा म्हणाले.

"तुमचं घातलं तर तिला पाणी कोण पाजणार?"

झुंबर हवालदार मनानं चांगला माणूस होता. खात्यापासून ही गोष्ट त्यांनी अठरा वर्षं लपवून ठेवली होती.

"कोन आलंय वो?" आतून छबूबाईंनी विचारलं.

"मोजनीवालं हायती," अप्पांनी ठोकून दिलं.

हवालदारांनी मांडीवर कागद घेऊन लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, समक्ष पंच, सदरचे झाड बेवारस स्थितीत मिळून आले, त्यास कोणी मालक नाही. पंच झाडापलीकडं सावलीला उभे होते. त्यामुळं सगळं वाचन झाडाच्या तोंडावरच झालं.

झाड हलायचं थांबलं.

"ह्ये काय केलंसा?" अप्पा हळूच म्हणाले.

"तुम्हा दोघांना सोडवलं."

हवालदारांनी बुंध्याला हात घातला. ओढावं लागलंच नाही. खालून कुणी ढकलावं तसं ते वर आलं. हातभर मुळी, पण मातीचा कण नाही. ते दुमडून पोत्यात घातलं, सुतळी बांधली, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून वर लाखेचं सील केलं. पोतं सायकलच्या कॅरेजला आवळलं.

तेवढ्यात कण्हणं सुरू झालं. आधी बारीक, मग हाडातून निघावं तसं लांबच लांब. "आई गंऽऽ..."

अप्पा होते तिथंच खाली बसले. "लागली वरडाया. दुप्पट झालं बगा."

हवालदारांनी मान खाली घातली. "आत जा तुम्ही. तिच्याजवळ बसा."

"आत न्हाय त्ये," रतन म्हणाला. त्यानं दाराकडं बोट केलं.

छबूबाई दारात उभ्या होत्या. सात महिन्यांनी, स्वतःच्या पायांवर. चौकट धरलेली होती, तीही त्यांनी सोडली. तोंड मिटलेलं होतं. कण्हणं चालूच होतं, सायकलच्या कॅरेजवरून.

"सोडा त्ये पोतं, झुंबरराव!" सर्जेराव चार पावलं मागं सरले.

"सील झालंय." हवालदार म्हणाले. "आता कोर्टासमोरच सुटेल."

ते सायकलवर बसले आणि कालव्याच्या रस्त्याला लागले. मागं वळून बघायची सोय नव्हती. माणूस उसाआड दिसेनासा झाला तरी ओरडणं उसावरून येत राहिलं.

छबूबाई कान देऊन ऐकत होत्या.

"बया," त्या म्हणाल्या, "येवढी वरडत व्हते व्हय वो मी?"