दोघांचे काटे

"तक्रारीचे रस्ते पुष्कळ आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "हॉटेलच्या मालकाला नोटीस देता येईल, ग्राहक न्यायालयात जाता येईल, पोलिसांकडेही जाता येईल. पण कुठंही गेलात तरी आधी एकच विचारणार. मासा खराब होता, हे कशावरून?"

ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. खालचं यंत्र चालू झालं की टेबलावरच्या बाटलीतलं पाणी थरथरायचं. लेक त्या पाण्याकडे बघत बसली होती. शेजारी आई. वडिलांना जाऊन महिना होत आला होता.

"दवाखान्यानं लिहून दिलंय ना," आई म्हणाली.

"विषबाधेचा संशय लिहिलाय, काकू. नुसत्या संशयावर कोर्ट हलत नाही. आणि अन्न खात्याची माणसं पोचली तोवर मालकानं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं होतं. बैल गेला आणि झोपा केला."

वकीलबाईंनी उगाचच दोन कागद इकडचे तिकडे केले. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं.

"मी मालकाशी बोलले. तो म्हणतो, माशात काही नव्हतं. म्हातारा हावरट होता म्हणे. मुलीचा आणि स्वतःचा, दोन्ही मासे एकट्यानं खाल्ले, दोघांचे काटे वेटरनं त्याच्याच पुढ्यातून उचलले. त्या वयात झेपलं नाही, त्याला मी काय करू, असं म्हणतो."

आई ताठ झाली.

"ह्याचसाठी आलेय मी. पैशाचं नाव काढू नका. तो शब्द त्यानं परत घ्यायचा, चारचौघांत. अहो, उभ्या जन्मात ह्या माणसानं 'आणखी वाढ' म्हणून म्हटलं नाही. दुसऱ्यांचं उरलेलं संपवायचे, ते अन्न वाया जाऊ नये म्हणून. आणि तो गेलेल्या माणसाला हावरट म्हणतो!"

खरंच होतं ते. लेकीच्या ताटात काही उरलं की ताट आपोआप बापाकडे सरकायचं. नावडती भाजी, करपलेली कड, दुधावरची साय, लहानपणापासून सगळं त्यांच्या वाट्याला. ह्यांच्यामुळे आपल्या घरी मांजर टिकत नाही, असं आईच चिडवायची. वडील हसायचे आणि ताट पुसून घ्यायचे.

त्या दिवशी पार्टी लेकीची होती. नोकरीत कायम झाल्याची. हॉटेल तिनंच निवडलं होतं, मासेही तिनंच मागवले होते. आई मासे खात नाही, म्हणून दोनच. पहिल्याच घासाला तिला आंबूस लागलं. पण आपणच बोलावून आणायचं आणि आपणच नावं ठेवायची? समोर वडील "झकास!" म्हणत होते. वेटर येऊन, कसं काय, म्हणून विचारून गेला, त्यालाही सगळ्यांनी छान म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, पोट भरलं माझं. आणि ताट सरकवलं. रोजच्यासारखं.

"तुम्ही किती खाल्लात?" वकीलबाईंनी तिला विचारलं.

"एक घास."

"एकच? का?"

आजवर हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. रात्रंदिवस तेच तिला खात होतं. सांगावं तर शेजारी आई, न सांगावं तर बाप हावरट ठरतो.

"आंबूस लागला मला," ती म्हणाली. "वासही येत होता."

वकीलबाई खुर्चीत सावरून बसल्या. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत? हाच तर पुरावा! मासा नासलेला होता म्हणून तुम्ही टाकलात, ह्याच्यावर आपला दावा उभा राहतो." त्यांनी पेन उघडलं आणि भराभरा दोन ओळी लिहिल्या. मग पेन थांबलं.

"वडिलांना सांगितलंत तुम्ही, खराब आहे म्हणून?"

लेक पुन्हा बाटलीतल्या पाण्याकडे बघायला लागली.

"रागावू नका," वकीलबाईंचा आवाज उतरला. "पण समोरचा वकील उभा राहिला की पहिलं हेच विचारेल. मुलीला कळलं होतं, तर तिचा मासा बापाच्या ताटात गेला कसा?"

आईनं मान वळवून लेकीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. लेकीला वर बघायचा धीर झाला नाही. होऊ दे काय व्हायचं ते, पण बाबांच्या नावाला बट्टा नको, असं तिनं मनाशी धरलं आणि तोंड उघडलं.

"मीच त्यांना..."

"सांगितलं होतं तिनं," आई म्हणाली.

वकीलबाई आईकडे बघायला लागल्या.

"मी तिथंच बसले होते. बाबा, खाऊ नका, खराब आहे, असं चांगलं बजावलं तिनं. ह्यांनीच तिचं ताट ओढून घेतलं."

"आई, अगं..."

"तू गप्प बस."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, नीट विचार करा. मी असं लिहिलं तर दाव्यात काही दम राहणार नाही. आणि मालक जे म्हणतो, तेच आपण आपल्या तोंडानं म्हटल्यासारखं होईल."

आईनं लेकीचा हात आपल्या हातात घेतला, तिला दुखेल इतका घट्ट.

"लिहा," ती म्हणाली. "हावरटच होते ते."