दीड वीत

"ताई, बोला पटकन, दोनला शटर ओढतो मी. उद्या रविवार," दुकानदार म्हणाला.

काउंटरवर कॉम्प्युटरची दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली होती. किंमत सारखीच, आणि तिच्या पर्समध्ये तेवढेच पैसे, वर परतीच्या बसचे. आखूड कार्ड नवंकोरं मॉडेल, मेमरी आठ जीबी. लांबडं मागच्या साली निघालेलं, पण बारा. चार दिवस तिने या विषयावर इतकं वाचलं होतं की आता आठ मोठे की बारा, असं कुणी विचारलं असतं तरी ती गडबडली असती.

"काम काय करता त्याच्यावर?"

"घरांची आतली चित्रं. सोमवारी एका ऑफिसला दिवाणखान्याचा नमुना द्यायचाय. आवडला तर नोकरी, घरूनच." बाळंतपणानंतर आलेलं हे पहिलंच बोलावणं, हे ती बोलली नाही. "सोफा, गालिचा, सगळं नीट होतं. पडदे घातले की मशीन बसतं."

"पडदे किती?"

"तीन. झिरझिरीत."

"मग बाराच घ्या. आठात तुमचे पडदे मावायचे नाहीत. फक्त हे धूड तुमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात मावतंय का बघा. एकतीस सेंटीमीटर आहे. आणि एकदा नेलं की परत घेत नाही, आधीच सांगून ठेवतो."

तिने घरी फोन लावला.

"मोजलं मी," नवरा म्हणाला. मागे ढबू, त्यांची नऊ महिन्यांची लेक, कशावर तरी डबा आपटत होती. "मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत दीड वीत."

"वीत?"

"टेप सापडेना. पट्टी तर आपल्याकडे नाहीच."

लोकांच्या भिंती मिलिमीटरात आखायच्या, आणि घरात पट्टी नाही.

"वीत म्हणजे नऊ इंच," दुकानदार मध्येच म्हणाला. "दीड वीत म्हणजे चौतीस सेंटीमीटर. आरामात बसेल."

तिने आपला पंजा ताणून कार्डावर ठेवला. दीड वीत संपली तरी कार्ड दोन बोटं बाहेर. मग दुकानदाराने आपला पंजा पसरला. कार्ड संपलं, वीत उरली.

"अरे, पण कुणाची वीत?" तिने फोनवर विचारलं.

"माझी. मग काय शेजाऱ्यांची आणू?"

"केवढी आहे ती?"

"वीतभर!"

दुकानदार फिस्सकन हसला. चार वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा हात केवढा ते तिच्या डोळ्यांपुढे येईना. दवाखान्यात त्याच्या एका तळव्यावर ढबूचं अख्खं डोकं मावलं होतं, एवढं आठवलं. पण तेव्हा डोकं तरी केवढं होतं? नारळाएवढं? की पेरूएवढं?

"ढबूचं पाऊल!" ती एकदम म्हणाली. "परवा बुटांच्या दुकानात मोजलं ना आपण, साडेदहा सेंटीमीटर. तीन पावलं म्हणजे साडेएकतीस. कॅबिनेट आडवं टाक, तिला उभी धर आणि कडेने पावलं टेकव. प्लग काढलायस ना? आधी प्लग काढ. पत्र्याची धार लागेल तिला, सांभाळून."

"काढलाय गं. धार लागेल तर मोजे घालू का?"

"मोजे नकोत, माप वाढेल!"

तिने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. दुकानदार शटरचं विसरून कोपरांवर वाकला. पलीकडे काहीतरी सरकलं, पत्रा वाजला, ढबू किंचाळून हसली.

"एक... अगं, नाचतेस काय, टेकव. हां. दोन..."

बराच वेळ नुसती झटापट ऐकू आली.

"तीन?" न राहवून दुकानदारानेच विचारलं.

"तिसरं टेकलंय," नवरा धापा टाकत म्हणाला. "पण बोटं दुमडलीयेत तिची."

तिने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली. "जागा नाही म्हणून, की गुदगुल्या होतायत म्हणून?"

"थांब हं," नवरा म्हणाला, "तिलाच विचारतो."