पांढरं पथ्य

"नको गं, झालं माझं," लव्हॉन हाउगेन म्हणाली आणि तिनं कपावर हात ठेवला.

चर्चच्या तळघरात कुणी मान वर केली नाही. मिनेसोटातल्या आमच्या गावात पहिलं 'नको' म्हणजे नमस्कार, दुसरं 'नको' म्हणजे आईबापांचे संस्कार. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट कप पुढे करायचा. वाढणाऱ्याचा मान राहतो, पिणाऱ्याची तल्लफ भागते.

बोर्गहिल्ड टेबलाला वळसा घालून पुन्हा आली. "अर्धा तरी घे की. आर्डिसची किटली आहे."

"नको, खरंच."

आर्डिसवर माती लोटून सगळे नुकतेच खाली जेवायला बसले होते. टेबलाच्या टोकाला तिचा नवरा पामर होता. त्याच्याकडे बघायचं नाही असं लव्हॉननं ठरवलं होतं, आणि त्याच्याखेरीज तिला दुसरं काही दिसत नव्हतं. हा पामर आधी लव्हॉनबरोबर नाचायचा, मग आर्डिसनं पळवला, हे गावाला ठाऊक. आर्डिस गेल्याचं कळलं आणि लव्हॉन शहरात जाऊन दात पांढरे करून आली, हेही गावाला ठाऊक. गाव एवढंसं, कान सुपाएवढे.

डॉक्टरनं बजावलं होतं, "दोन दिवस दातांची छिद्रं उघडी राहतील बाई. जे समोर येईल ते आत ओढतील. पांढऱ्या सदऱ्यावर ज्याचा डाग पडेल ते तोंडात घालू नका." म्हणजे कॉफी तर नाहीच. पांढरं तेवढं खायचं.

त्याची लव्हॉनला चिंता नव्हती. आमच्या लोकांच्या ताटात शिरायला रंग मुळात घाबरतो. उकडलेले बटाटे, पांढऱ्या रश्शातला मासा, तांदळाची खीर. आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. त्या तर आर्डिसच्याच हातच्या. "माझ्या मयताला विकतच्या नकोत," म्हणून आजारपणातून उठून तिनं लाटून ठेवल्या होत्या, आणि आज त्या फ्रीजरमधून निघाल्या होत्या.

लव्हॉन त्याच खात होती. लोणी, साखर, गुंडाळी, घास. जिन्यावरून गार वारा आला की तिच्या दातांत कळ उठे, आणि लेफ्सेचा घास बसला की शमे. म्हणून आणखी एक.

बोर्गहिल्ड तिसऱ्यांदा आली. "लव्हॉन, बाई, तिच्या नावाचा कप आहे. धर."

"नको."

काटेचमचे थांबले. तिसरं 'नको' त्या तळघरानं कधी ऐकलंच नव्हतं.

"दातांपायी गं," कुणीतरी कुजबुजलं.

"नवरी व्हायचंय ना!"

"अगं, माती तरी सुकू दे म्हणावं."

लव्हॉनचे कान तापले. तिनं खाली मान घालून अजून एक लेफ्से उचलली. खाऊ दे की निवांत! पांढऱ्यानं कुठं डाग पडतो?

घास गिळला आणि तिच्या तोंडून शब्द आले, "कड जाड राहिली जरा. लाटणं लवकर उचललं मी."

बोर्गहिल्डच्या हातातली किटली कलली. कॉफी टेबलावर ओघळली, तरी कुणी फडकं घ्यायला हललं नाही.

लव्हॉननं जिभेनं दात चाचपले. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. जीभ आपसूक तिथं जाऊन टेकली, जन्मभर टेकत आल्यासारखी. अशी फट गावात एकीच्याच दातांत होती, आणि ती आता वर ओल्या मातीखाली निजली होती. लव्हॉनला किंचाळायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तर बारीक, नाकातून निघणारं हसू आलं, आर्डिसचं.

पामरनं मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघत होता. ह्या एका नजरेसाठी ती दातांच्या डॉक्टरकडे निळ्या दिव्याखाली जबडा ताणून बसली होती. तो उठला, खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती मायेनं ठेवला!

"इथं बसलीस होय," तो म्हणाला. "आणि मी शोधतोय. चल घरी, आभाळ भरून आलंय. वासरं बाहेरच आहेत."

'पामर, मी लव्हॉन रे,' असं तिला म्हणायचं होतं.

"तुझे मोजे ओले आहेत," ती म्हणाली. "आधी ते बदल."

दोघं जिना चढून गेली. वरचं दार उघडलं, मिटलं. मग बोर्गहिल्डनं टेबल पुसलं, लेफ्सेची रिकामी थाळी उचलली, आणि शेजारणीला म्हणाली, "काय गं, लव्हॉन दिसली नाही आज? मातीला तरी यायचं बाईनं."