पहिला आलेला पाला

“आजी, दोनशे चौदा झाडांत तुमचा पाला पहिला आला!”

मनस्वीनं लॅपटॉप ओटीवर ठेवला आणि पडदा सकुबाईकडे फिरवला. कोपऱ्यात त्या पाल्याच्या वेलीचा फोटो होता. मधोमध नागिणीच्या विषाणूचा एक तुकडा गरगर फिरत होता, आणि त्याच्या खाचेत पाल्यातला एक कण जाऊन बसला होता. कुलपात किल्ली बसावी तसा.

सकुबाईच्या हातातलं सूप थांबलं.

डोळखांबच्या अलीकडच्या पाड्यांत कुणाला नागीण उठली की लोक सकुबाईकडे येत. कंबरेभोवती आगीचे फोड घेऊन आलेला माणूस आठ-दहा दिवसांत कामाला लागे. मुळी कुठली, ते सासूनं जाताना तिच्या कानात सांगितलं होतं. आदल्या दिवशी झाडापाशी तांदळाचे चार दाणे ठेवून आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी मुक्यानं मुळी काढायची. नाव मात्र कुणापुढं घ्यायचं नाही. घेतलं की हाताचा गुण जातो. चाळीस वर्षं तिनं हा नेम पाळला होता.

म्हणूनच ही आटगावची, एमएस्सी करणारी पोरगी दोन महिन्यांपूर्वी “नागिणीवर काय देता?” विचारत आली, तेव्हा सकुबाईनं ओढ्यापलीकडच्या वेलीचा पाला ओरबाडून तिच्या पिशवीत कोंबला. खोटा पाला. वेलीला आवतणही दिलं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात जरा जड झाला होता, तेवढंच.

पोरगी नंतरही येत राहिली. पण नागिणीचं नाव काढीना. गुरं कशाला तोंड लावत नाहीत, रानातलं काय खाऊन कोण आजारी पडलं, असलंच काहीबाही विचारून वहीत लिहायची.

“आडून आडून शिरते ती,” सून भिमी म्हणायची. “कुठल्या तरी कंपनीची असंल.”

सकुबाईलाही तसंच वाटे. ती चहा द्यायची, पण लक्ष सगळं पोरीच्या वहीवर.

आणि आज खोटा पाला पहिला आला होता. ही आपल्याला जोखायला आली नसेल? हसते आहे ती कौतुकानं, की सगळं कळून?

“तुझ्या मशिनीला काय कळतंय,” सकुबाई सावकाश म्हणाली.

“नुसतं चिकटतं का, एवढंच कळतं, आजी. पुढचं सगळं बाकीच हाय.”

हे ऐकायला भिमी तिथं नव्हती. माहेरी, वैशाखऱ्याला, तिच्या बापाला चार दिवसांपासून नागीण उठली होती. सकाळीच निरोप आला होता. सकुबाई मुळीला आवतण देऊनही आली होती, उद्या दोघींनी निघायचं होतं. फोटो पाहताच ती उठून ओढ्यापलीकडे गेली होती; आता पदरात पाला घेऊन परतली. चूल पेटलेलीच होती. तिनं पातेलं चढवलं.

“काय करतेस गो?”

“काढा. उद्यापर्यंत कशाला थांबायचं? दुपारच्या एष्टीनं जाते.”

“भिमे, टाक तो पाला.”

“का? कम्प्युटर खोटा?”

“मी खोटी. त्यो नागिणीचा पाला नाय. तू या घरात यायच्या आधी माझ्या तीन शेळ्या मेल्या त्यानं.”

मनस्वी ताडकन उठली. भिमीनं पातेलं उतरवलं खरं, पण हातातून सोडलं नाही.

“हिच्यादेखत तुमी खरं कशाला बोलाल, आत्या? गुपित राखायला आता शेळ्या मारताय! माझा बाप तिकडं तळमळतोय.”

सकुबाईनं सुनेकडे पाहिलं. हिला पटवायची एकच वाट उरली होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले आणि दोघींदेखत मुळीचं नाव मोठ्यानं घेतलं. कुठल्या बांधाला ती उगवते, तेही सांगितलं.

देवापुढं हात जोडून सासू खोटं बोलत नाही, हे भिमीला ठाऊक होतं.

“गेला गुण,” सकुबाई आपल्या तळव्यांकडे बघत पुटपुटली. “लिही आता तुझ्या वहीत. झालं ना मनासारखं?”

मनस्वीनं वही उघडली नाही. तिनं पडद्यावरची यादी खाली खाली सरकवली.

“ही हाय यादीत, आजी. पहिल्या दिवसापासून. जुन्या पुस्तकात नागिणीवर हीच मुळी लिहिलीय.”

सकुबाईचा आवाज चढला. कधी नव्हे तो.

“मग माझ्या घरात काय चोरायला येत व्हतीस गो?”

मनस्वीनं भिमीच्या हातातून पातेलं घेतलं आणि राखेच्या खड्ड्यात उपडं केलं.

“काय खाल्लं की जीव जातो, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आजी.”