वाफ की कढई

डब्याच्या झाकणाचा नखाएवढा तुकडा देवरुखकरांनी भट्टीत ठेवला आणि तापमान चढवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी लोकांचं प्लॅस्टिक तापवून पाहिलं होतं. घरचं आज पहिल्यांदाच.

झाकण बारा वर्षांपूर्वी वाकडं झालं होतं. "तुम्हीच त्यावर गरम कढई ठेवलीत," असं बायको, हेमलताबाई, म्हणायच्या. "तूच स्वस्तातलं आणलंस, भाताच्या वाफेनं वाकलं," असं ते म्हणायचे. जेवताना रोज एकदा हे व्हायचंच. "न्या की तुमच्या लॅबमध्ये, होऊन जाऊ दे," त्या डिवचायच्या, आणि ते टाळायचे. त्या जाऊन आता आठ महिने झाले होते.

वाफेच्या शंभर अंशांना तुकडा ढिम्म राहिला. एकशे साठ ओलांडल्यावर मात्र पाघळला.

शेजारच्या टेबलावरून मुल्लाबाई वाकून बघत होत्या. "देवरुखकर, ही कढईच हो. वहिनी जिंकल्या. कबूल करून टाका."

"एका रीडिंगवर निकाल देतो का आपण?" ते म्हणाले. "तीन लागतात."

"मग घाला दुसरा तुकडा. झाकण चांगलं मोठं आहे."

देवरुखकरांनी उरलेलं झाकण रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. "दुसरं पुढच्या वर्षी बघू."

"आणि तिसरं?"

"रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी. तोवर जेवताना भांडायला काहीतरी नको का?"