बारावी धून

"प्रतिभा, इकडे ये."

प्रतिभाच्या हातातलं लाटणं थांबलं. नवरा, त्र्यंबक, बूट चढवून, डब्याची पिशवी खांद्याला लावून कॉम्प्युटरपुढे उभा होता. ओझरच्या कारखान्याची बस यायला दहा मिनिटं होती. तेवढ्यातही गेम उघडल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

पडद्यावर गेममधल्या संगीताची यादी होती. एकेक टप्पा जिंकला की एकेक धून उघडायची आणि वाजायची; तोवर तिच्यापुढे कुलपाचं चित्र. अकरा उघडून त्र्यंबक चार महिने शेवटच्या टप्प्यावर अडकला होता. आज बाराव्या धुनेपुढे कुलूप नव्हतं.

"कोणी उघडली?"

काल दुपारी तो कामावर असताना प्रतिभानेच उघडली होती. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या की ती रोज खेळायची आणि शेवटी मुद्दाम हरून उठायची. काल मेला हात थांबलाच नाही. गेलेलं कुलूप परत कसं लावतात, हे तिला कुठे ठाऊक होतं? तिने डाव्या हाताची करंगळी पदराखाली लपवली. टीव्हीच्या रिमोटला हात लावला म्हणून दिवाळीत त्याने पिरगळलेली ती करंगळी अजून नीट वाकत नव्हती.

"माझाच हात लागला असंल पुसताना," मेथी निवडत बसलेल्या सासूबाई, सुलाबाई, मान वर न करता म्हणाल्या.

"पुसताना लेव्हल पार होते होय, आई?" त्र्यंबक हसला. ते हसू प्रतिभाच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्याने कॉम्प्युटरची वायर उपटली आणि गुंडाळून पिशवीत कोंबली. "आल्यावर बोलू."

दार आपटलं. जिन्यावरून बूट वाजत गेले. तो परत येईपर्यंतचे तास काढायचे कसे? ती भिंतीला धरून खाली बसली.

तेवढ्यात मागून बारीक गुणगुणणं आलं. मेथीची पानं खुडता खुडता सुलाबाई तीच धून म्हणत होत्या. बारावी. अगदी सुरात. मध्येच त्या अडखळल्या.

"पुढं काय गं? काल मधेच आवाज बारीक केलास तू, आत ऐकूच आलं न्हाई."

प्रतिभाने दाराकडे पाहिलं. बुटांचा आवाज अजून गल्लीत होता. ती सरकत सासूबाईंजवळ गेली आणि भीतभीत, ओठ मिटूनच, पुढचा सूर धरला.

"मोठ्यानं," सुलाबाई म्हणाल्या.